आजोबांची बाजू

दि. ५ जानेवारी

चि. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

तुझी कंबर कशी आहे? दिवसभर त्या दातांच्या दवाखान्यात खुर्चीच्या उशाशी वाकून उभं राहायचं म्हणजे कंबर बोलणारच. आमच्या लिफ्टवाल्या चिरंजीवांचा खोकला गेला का? त्या गावातल्या सगळ्या लिफ्टा त्याची बदली व्हायची वाट बघत बंद पडून राहिल्या होत्या की काय, कोण जाणे. आणि टिल्लीचा दात, जो दाराच्या कडीवर आपटला होता, तो हलतो की बसला जागेवर? इकडे माझा गुडघा माझ्या आधी उठतो आणि माझ्यानंतर झोपतो. ताईला, म्हणजे तुमच्या आत्याला, काही होत नाही. तिच्यामुळे झालं तर दुसऱ्यांना होतं.

पत्र लिहितोय, कारण फोनवर मला धड ऐकू येत नाही. परवा तू काहीतरी विचारलंस, मी 'हो हो, दोन चमचे' म्हणालो आणि तू हसतच सुटलीस. कागदाचं बरं असतं, नाही कळलं तर पुन्हा वाचता येतो.

तुम्ही गेलात त्या गडबडीत टिल्लीचं प्राण्यांचं पुस्तक इथेच ट्रंकेखाली राहिलं. तसंच दुसरं मिळालं, ते सोबत पाठवतोय. जुनं मी ठेवून घेतलं. त्याचे कोपरे तिने चावलेत, ते काही दुकानात मिळत नाहीत.

आमचा रिवाज तुला ठाऊक नसेल, तू त्या वेळी दवाखान्यात असायचीस. संध्याकाळचा चहा झाला की टेबलाच्या पलीकडे ट्रंकेवर ती, अलीकडे खुर्चीत मी, मधे पुस्तक. मांडीवर घ्यायची माझी प्राज्ञा नाही, गुडघा परवानगी देत नाही. ज्या प्राण्याचा आवाज माहीत नाही, त्याला आम्ही आमच्यातला देतो. कासव म्हणतं, 'आलोच, आलोच'. गेंडा म्हणतो, 'बाजूला व्हा, धक्का लागेल'. जिराफ नुसता खाकरतो, कारण एवढ्या लांब गळ्यातून शब्द वर येईपर्यंत तो काय बोलायचं ते विसरतो. मगर 'आ करा, आ करा' म्हणते. हे तिने तुझ्याकडून उचललंय.

वटवाघळाच्या पानाशी मात्र जरा सांभाळून. सगळी वटवाघळं उलटी लटकतात, पण या चित्रकाराने ते फांदीवर ताठ उभं काढलंय. मोठा चित्रकार असेल, त्याला चूक कशी म्हणायची? मी टिल्लीला सांगून टाकलं की हे शहाणं वटवाघूळ आहे, हे उभं राहतं. तिने माझ्याकडे बराच वेळ बघितलं, मग मान्य केलं.

बालवाडीत घेतलं का तिला? लवकर कळव.

तुझे
बाबा


दि. १९ जानेवारी

ती. बाबांना नमस्कार.

माझी कंबर ठीक, ह्यांचा खोकला गेला, टिल्लीचा दात बसला. आत्यांना सांगा, त्यांनी दिलेल्या मोज्यांतला एक टिल्लीने बाहुलीला झोपायला दिलाय. आणि 'दोन चमचे'चं म्हणाल तर मी विचारलं होतं, गुडघ्याला तेल कोण चोळून देतं.

पुस्तक पोचलं. पुडकं सोडायच्या आधीच टिल्लीने हुंगून ओळखलं आणि लगेच एक कोपरा चावला. पोच मिळाली असं समजा.

आता खरं लिहिते. बालवाडीच्या बाई म्हणाल्या होत्या, थोडे दिवस बसवून बघू, मग नाव पक्कं करू. टिल्ली पुस्तक घेऊन गेली, छोट्या स्टुलावर बसली, समोर चार-पाच पोरं जमवली आणि जिराफापासून मगरीपर्यंत सगळं वाचून दाखवलं. बाई कौतुकाने जवळ गेल्या तर पुस्तक उलटं. हत्तीचे पाय वर, पाठ खाली. बाईंनी सरळ करून दिलं. हिने परत फिरवलं. त्यांनी पुन्हा सरळ केलं, हिने पुन्हा फिरवलं, आणि वर बाईंनाच म्हणाली, "तुम्ही बघणाऱ्यांत बसा बरं."

बाई चांगल्या आहेत, रागावल्या नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मुलं उलटं धरतात हो, पण सरळ करून दिलं की त्यांना हायसं वाटतं. हिला सरळ केल्यावर राग येतो. एकदा डोळे दाखवून घ्या. आणि गरज वाटली तर यंदा थांबू या."

यंदा थांबायचं म्हणजे मी दवाखाना सोडायचा. तोही सोडेन मी. पण बाबा, पोटात गोळा आलाय तो त्याने नाही. मी घरी सगळं तपासून बघितलं. चमचा सरळ धरते. चपला सरळ घालते. मी पुस्तक दाखवलं तर सरळ बघते. वाचायला घेतलं की उलटं. विचारलं तर म्हणते, "तू बघ, मी वाचते." तिला जग नक्की कसं दिसतंय, हेच मला कळेनासं झालंय. ह्यांना सांगितलं तर म्हणाले, "लिफ्ट वर जायची ती खाली जायला लागली तर मी काळजी करीन." त्या दिवशी त्यांचा डबा मी भरला नाही.

डोळे दाखवेपर्यंत पुस्तकं कपाटावर ठेवलीत. ती खाली उभी राहून वर बघते आणि कासवाच्या आवाजात म्हणते, "आलोच, आलोच."

तुमच्याकडे असताना ती असं करायची का? माझी काळजी वाढेल म्हणून काही झाकून ठेवू नका.

तुमची
सून

ता. क. वटवाघूळ मला तर लटकलेलंच दिसलं. नव्या आवृत्तीत सुधारलं असावं.


दि. २८ जानेवारी

चि. सूनबाईस आशीर्वाद.

तुम्हां तिघांची तब्येत विचारायची तर आधी तुझ्या पोटातल्या गोळ्याची विचारतो. हलला का? आमच्याकडे तुझं पत्र आल्यापासून चहा गार होतोय. ताईनेसुद्धा दोन वेळा मला टोमणा मारायची संधी सोडली, यावरून काय ते समज.

तू विचारलंस त्याचं उत्तर: नाही. छातीवर हात ठेवून सांगतो, पुस्तक तिच्यापुढे कायम सरळ असायचं. मी जातीने तिच्याकडे सरळ करून ठेवायचो आणि मगच वाचायला लागायचो. एक दिवस असा गेला नाही की हत्ती तिच्यापुढे चारी पायांवर उभा नव्हता. म्हणजे हे खूळ तिकडेच लागलंय. ताईचं म्हणणं, नव्या घरात पलंगाची दिशा बदलली असेल. मी म्हटलं, "दिशा बदलल्यावर माणसाला उलटं दिसायला लागतं होय?" तर म्हणे, "तुला सरळ कधी दिसलंय, ते आधी सांग." चहा गार होता तरी हे ऐकून जरा बरं वाटलं.

आवृत्तीचं तू म्हणतेस ते बरोबर. सगळा जन्म छापखान्यात गेला माझा, पुढच्या आवृत्तीत अशा चुका गुपचूप काढून टाकतात. माझ्याकडची जुनी असणार.

पुस्तकं कपाटावर ठेवलीस हे बरंच केलंस, असं लिहायला घेतलं होतं. पण पेन पुढे सरकेना. म्हणून उपाय पाठवतोय. सोबत लाल रिबिनीचा तुकडा आहे, ताईच्या शिवणाच्या डब्यातला, तिला न विचारता घेतलेला. पुस्तकाच्या वरच्या काठाला चिकटव. तिला एवढंच सांग, जिकडे लाल तिकडे वर. तिला खुणा चटकन कळतात. आपल्या घरातली बिस्किटं कुठल्या डब्यात आहेत, हे तिला कोणी सांगितलं होतं?

डोळ्यांचे डॉक्टर काय म्हणाले ते कळव. वाट बघतो.

तुझे
बाबा


दि. ११ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार. आत्यांना रिबिनीबद्दल माझ्याकडून माफी सांगा.

डोळे उत्तम. डॉक्टरांनी चित्रांचा तक्ता लांब टांगून विचारलं, हा कोण? ही म्हणाली, "आलोच, आलोच." डॉक्टर म्हणाले, "अगं ये की सावकाश." मी सांगितलं की तिने कासव ओळखलंय. मग गेंडा आला, तेव्हा डॉक्टर खरंच बाजूला झाले. सगळं ओळखलं, बारकं बारकंसुद्धा. शेवटी त्यांनी एक चित्रांचं कार्ड तिच्या हातात दिलं. "आता तू वाच." तिने ते फिरवलं, टेबलावर ठेवलं, त्यांच्याकडे सरकवलं आणि उलट्या बाजूने वाचायला लागली. डॉक्टर म्हणाले, "डोळ्यांत काही नाही. बाकीचं माझ्या खात्यात येत नाही."

त्या 'बाकीच्या'ने माझी झोप उडवली.

रिबीन लावली. जिकडे लाल तिकडे वर, असं सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात तीच म्हणाली, "ही आजोबांची बाजू." मी म्हटलं, हो गं, आजोबांनीच पाठवलीय. तर ती उठली, टेबलाला वळसा घालून रिबिनीच्या बाजूला जाऊन बसली आणि वाचायला लागली. म्हणजे पुन्हा उलटंच. तुमच्या रिबिनीने उलट तिचं मत पक्कं झालं.

आणि एक राग आहे, तो लिहूनच टाकते. बाईंनी वर्गात विचारलं, वटवाघूळ काय करतं? सगळी पोरं म्हणाली, लटकतं. आमची उभी राहिली आणि म्हणाली, "उभं राहतं. आजोबांनी सांगितलंय." बाई म्हणाल्या, लटकतं बाळा. ही म्हणाली, "तुम्ही आजोबांच्या बाजूने बघा." आता बाईंच्या मनात नुसतं पुस्तक नाही, वटवाघूळही आहे. महिनाअखेर त्या ठरवणार, यंदा की पुढच्या वर्षी.

बाबा, तुमची चेष्टामस्करी मला नेहमीच आवडते. पण तेवढं वटवाघूळ मागे घ्या. तिला तुमच्या अक्षरात दोन ओळी लिहून पाठवा, की ते लटकतं. माझं ती ऐकत नाही.

तुमची
सून


दि. १६ फेब्रुवारी

चि. सूनबाई,

आज कोणाचीच तब्येत विचारत नाही, माफ कर. आधी खुर्चीत बस आणि मग वाच.

तुझं पत्र वाचून मला जरा लागलंच. मी आणि चेष्टा? डोळ्यांनी बघितलेलं वटवाघूळ मागे कसं घ्यायचं? जुनं पुस्तक काढलं, ताईला हाक मारली. म्हटलं, तू साक्षीला ये. ती आली आणि टेबलाच्या पलीकडे ट्रंकेवर बसली, टिल्लीच्या जागी. मी माझ्या खुर्चीत. पुस्तक सवयीप्रमाणे समोरच्याकडे सरळ करून ठेवलं, वटवाघळाचं पान काढलं आणि म्हटलं, "बघ. आहे की नाही उभं?"

ताई म्हणाली, "लटकतंय."

"ताई, चष्मा पूस."

"तू पूस. चांगलं फांदीला लटकतंय. पाय वर, डोकं खाली."

"अगं डोकं वर आहे. ताठ उभं आहे, शिपायासारखं."

"तुझ्या अकलेसारखं आहे," म्हणाली, आणि तरातरा टेबलाला वळसा घालून माझ्या खांद्यामागे येऊन उभी राहिली. तिने हात पुढे करून पान उलटलं. हत्तीचं निघालं.

"अरे," ती हळूच म्हणाली, "तुझा तर हत्तीही डोक्यावर उभा आहे."

सूनबाई, मी बघितलं, आणि होता. जिराफ मान खाली सोडून लोंबत होता. गेंडा पाठीवर पडला होता. इतक्या संध्याकाळी मी ते पुस्तक वाचलं आणि माझ्या बाजूने सगळं जनावर उताणं पडलंय, हे माझ्या ध्यानातही आलं नाही.

तुला माहीत आहे, मी शाळेत फार टिकलो नाही. अक्षरं शिकलो ती छापखान्यात, खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरं, जुळवताना. शिशाचे खिळे हातात उलटे येतात, ओळ डोक्यावर उभी असते, आणि ती तशीच वाचून चुका काढायच्या असतात. मला सरळ वाचायला नंतर आलं. उलट्या अक्षराला डोळा अडखळतच नाही माझा. म्हणून चित्रं तिला सरळ दिसावीत असं पुस्तक ठेवायचो, आणि अक्षरं मी माझ्या बाजूने उलटी वाचायचो. चित्रांकडे मी बघतच नव्हतो. पान उलटलं की मी तिचं तोंड बघायचो. गेंड्याला तिचे डोळे कसे होतात, कासवाला ओठ कसे होतात. ते एकदाच काय ते वटवाघूळ ओझरतं दिसलं, आणि माझ्या बाजूने तेवढंच सरळ उभं दिसलं.

आता तूच जुळव. तिने जन्मात वाचणारा माणूस बघितला तो एवढाच. बघणारा एका बाजूला, वाचणारा दुसऱ्या बाजूला, आणि वाचणाऱ्याकडून पुस्तक उलटं. ती काही चुकत नाहीये. ती मी झालीय.

हे पत्र बाईंना नेऊन दाखव. ओशाळं व्हायचं असेल तर मी होईन, तू नको होऊस. आणि आधी खुर्चीवर चढून पुस्तकं कपाटावरून खाली काढ. कंबर दुखत असेल तर लिफ्टवाल्याला चढव, त्याला वर जायची सवय आहे.

वटवाघूळ मागे घेतो. टिल्लीसाठी वेगळ्या कागदावर लिहिलंय: लटकतं. आजोबांच्या बाजूने उभं दिसतं.

तुझे
बाबा


दि. २५ फेब्रुवारी

ती. बाबांना नमस्कार.

सगळ्यांची तब्येत सांगते. पोटातला गोळा गेला. कंबर ठीक. पुस्तकं ह्यांनीच खाली काढली आणि काढता काढता म्हणाले, "मी सांगितलं नव्हतं?" त्यांनी काहीही सांगितलं नव्हतं. टिल्लीची तब्येत मगरीसारखी आहे.

तुमचं पत्र वाचून मी आधी हसले, मग रडले, मग स्वतःवर चिडले. अहो, मी दिवसभर करते काय? खुर्चीच्या उशाशी उभी राहून लोकांची तोंडं उलटीच बघते. हनुवटी वर, कपाळ खाली, आणि तरी डावी दाढ, उजवी दाढ मला बिनचूक कळते. उलट्यातून सरळ बघणारी मी, आणि माझ्या पोरीचं मला कळू नये?

बाईंनी पत्र तिथेच उभ्या उभ्या वाचलं. वाचता वाचता त्यांनी टेबलावरचं हजेरीपुस्तक फिरवून उलटं वाचून बघितलं आणि दुसऱ्याच नावाला अडकल्या. म्हणाल्या, "कठीण आहे हो." मग टिल्लीला बोलावून स्वतः स्टुलासमोर खाली बसल्या, बघणाऱ्यांत. टिल्लीने पहिल्या पानापासून वाचलं. वटवाघळाशी थांबली, बाईंना म्हणाली, "तुमच्या बाजूने लटकतं. आजोबांनी लिहून दिलंय." बाई म्हणाल्या, "मग झालं तर." नाव यंदाच पक्कं केलं. आता शनिवारी वर्गाला वाचून दाखवायचं काम टिल्लीकडे आहे. बाईंच्या मते सगळ्या पोरांना चित्रं नीट दाखवत वाचणारी ती एकटीच. सरळ धरून वाचायलाही शिकेल हळूहळू, घाई नाही म्हणाल्या.

त्या संध्याकाळी मी तिला मांडीवर घेतलं, म्हटलं, आज आपण दोघी एकाच बाजूने वाचू. जरा वेळ बसली, मग मान वळवून वळवून मागे बघायला लागली. "काय झालं गं?" तर म्हणाली, "तुझं तोंड दिसत नाही."

तेव्हापासून मी रिबिनीच्या बाजूला बसते. उलटं वाचताना नाकी नऊ येतात. काल गेंड्याचा मी घोडा केला. टिल्ली मोठ्या माणसासारखा उसासा टाकून म्हणाली, "राहू दे आई. आजोबांना येतं."

म्हणून लिहिते, रिबिनीच्या बाजूची खुर्ची मी तात्पुरतीच धरलीय. तुम्ही दोघं या. इथे लिफ्ट आहे आणि ती चालू ठेवणारा माणूस घरचाच आहे, गुडघ्याला एक पायरी चढावी लागणार नाही.

या पानाच्या तळाशी जे आहे, ते मी लिहीत असताना समोर बसून टिल्लीने तिच्या बाजूने काढलंय. पान फिरवून द्यायचं नाही, असं बजावून सांगितलंय.

उत्तराची वाट बघतोय.

तुमची
सून


दि. २ मार्च

चि. सूनबाईस आणि लिफ्टवाल्यास आशीर्वाद. चि. टिल्लीस एक जास्त.

ताईची ट्रंक भरून झाली. टिल्लीची बसायची ट्रंक तीच, म्हणून तीही येतेय. रिबिनीबद्दल ताईने मला माफ केलेलं नाही, पण तिकडे येऊन करणार आहे म्हणाली. माझा गुडघा आतापासूनच लिफ्टच्या गोष्टी करतो. तुमच्या खुर्च्या उंच आहेत का बुटक्या, तेवढं कळव, म्हणजे उशी आणायची की नाही ते ठरवतो. शक्यतो लवकर लिही, निघायच्या आत मिळालं पाहिजे.

टिल्लीचं पान बघून ताई म्हणाली, "हा नळ कशाला काढलाय पोरीने?" आणि फिरवायला गेली. मी तिचा हात धरला. म्हटलं, फिरवू नकोस, नळ नाही तो. आणि पान होतं तसंच समोर ठेवून खाकरून दाखवलं.

टिल्लीला सांग, जिराफ नीट पोचला.

तुझे
बाबा